बिबट्याला ठिपके, शेरडाला बांडेपणा, मग माणसाचे केस एकरंगी का?

प्रश्न विट्याच्या एका जीवशास्त्राच्या शिक्षिकेचा आहे. अकरावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, ‘बिबट्याला ठिपके, वाघाला पट्टे, मांजराला तीन-तीन रंग, मग माणसाच्या केसांवर असलं काहीच का नाही?’ बाईंनी सांगितलं, माणसाच्या अंगावर केसच फारसे उरले नाहीत म्हणून. मुलगी म्हणाली, ‘डोक्यावर तर आहेत की!’ बाईंना तिथं पुढचं उत्तर सुचेना, म्हणून त्यांनी मला सविस्तर लिहायला सांगितलं. मी सांगलीत त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो आणि माझं लहानपण आटपाडीकडच्या खिलार जनावरांत गेलं आहे. या प्रश्नाची दोन्ही टोकं माझ्या ओळखीची आहेत.

मुलीची शंका रास्त आहे. अंगावरचे केस कमी झाले म्हणून नक्षी गेली, हे उत्तर अर्धवट आहे. नक्षी काढणारी यंत्रणा माणसाच्या गर्भात आजही चालते. तिच्या खुणा मी जवळपास रोज बघतो, पण त्वचेवर. केसांच्या रंगावर ती का उमटत नाही, हे समजून घ्यायचं तर आधी रंग केसात येतो कसा ते बघावं लागतं.

गर्भ काही आठवड्यांचा असतो तेव्हा पाठीच्या बाजूला एक नळी तयार होते. पुढं तिचाच मेंदू आणि मज्जारज्जू होतो. त्या नळीच्या वरच्या कडेवरून काही पेशी सुटतात. त्यातल्या काहींच्या रंगपेशी होतात आणि त्या पाठीकडून पोटाकडं, टाळूवरून कपाळाकडं, मांडीवरून पायाकडं पसरत जातात. वाटेत त्यांची संख्याही वाढत राहते. काही त्वचेत मुक्काम करतात, काही केसांच्या मुळाशी जाऊन बसतात आणि वाढणाऱ्या केसात रंगाचे कण भरतात. हे कण दोनच जातींचे असतात: काळा-तपकिरी युमेलॅनिन आणि पिवळसर-तांबडा फिओमेलॅनिन. वाघाचा भगवा, म्हशीचा काळा, शेकरूची तांबूस पाठ आणि आपले काळेभोर केस, सगळं या दोन रंगांच्या कमी-जास्त प्रमाणातून होतं. रंगपेशी नसल्या किंवा काम करेनाशा झाल्या की केस पांढरा.

आता नक्षीकडं येऊ. सस्तन प्राण्यांत ती एकाच पद्धतीनं होत नाही, आणि सगळा घोळ इथंच होतो. गाईचे ठिपके आणि बिबट्याचे ठिपके दिसायला ठिपकेच, पण त्यांचं मूळ अगदी वेगळं आहे.

आपल्या भागातली सगळ्यात ओळखीची नक्षी म्हणजे बांडेपणा. एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) या संकरित-विदेशी जातीच्या गाईच्या अंगावरचे पांढरे चट्टे, जतकडच्या माडग्याळ मेंढीचं पांढऱ्यावर तपकिरी अंग, आटपाडीच्या बाजारातली चितकबरी शेरडं. इथं रंगपेशी त्या जागेपर्यंत पुरल्याच नाहीत. म्हणून पांढरं कुठं दिसतं ते बघा: कपाळावर, पोटाखाली, पायांच्या खालच्या टोकाला. म्हणजे पाठीपासून सगळ्यात लांब. पूर्वी असं मानत की या पेशी चालायला मंद पडतात म्हणून उशिरा पोचतात. २०१६ साली उंदरांवर झालेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. पेशींचा वेग कमी नव्हता, त्यांची वाढ कमी पडत होती. जागा मोठी होत गेली आणि पेशी अपुऱ्या राहिल्या. यात किट नावाच्या जनुकाचा मोठा वाटा असतो.

आणि हे माणसात होतं. अगदी असंच होतं.

मागं जत तालुक्यातलं एक कुटुंब दवाखान्यात आलं होतं. तान्ही मुलगी, आई, आजी आणि आजोबा. बाळाच्या कपाळाच्या मधोमध, केसांच्या रेषेला, पांढऱ्या जावळाचा झुपका होता आणि त्याखाली कपाळावर उलट्या त्रिकोणाच्या आकाराची दुधासारखी पांढरी त्वचा. दोन्ही नडग्यांवरही पांढरे पट्टे, आणि त्या पांढऱ्याच्या आत बोटाच्या पेराएवढे गर्द तपकिरी ठिपके. आजी ग्रहणाला दोष देत होती. घरात कुणीतरी ‘कोड’ हा शब्द उच्चारला होता आणि तेव्हापासून आईचं जेवण तुटलं होतं. मी आईला पदर जरा मागं घ्यायला सांगितलं. कपाळाच्या वर, बरोबर त्याच जागी, तिचे केस काळ्या मेंदीनं रंगवलेले होते आणि मुळाशी दोन-तीन मिलिमीटर पांढरे निघाले होते. लग्नाआधीपासून ती ते झाकत आली होती. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आजोबांनी तिच्या केसांकडं बघितलं, मग बाळाकडं, आणि शांतपणे म्हणाले, ‘आमच्या शेरडात बी अशी बांडी निघत्यात की, डॉक्टर. त्यात काय एवढं!’

आजोबांचं निदान बरोबर होतं. याला पायबाल्डिझम म्हणतात. जन्मतः असतो, वाढत नाही, संसर्गाचा नाही आणि कोडाशी त्याचा संबंध नाही. कोडात रंगपेशी आधी असतात आणि नंतर शरीराचीच प्रतिकारशक्ती त्या मारते. इथं त्या तिथवर पुरेशा पोचलेल्याच नसतात. आई किंवा वडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. बहुतेक वेळा दोष त्याच किट जनुकात सापडतो. म्हणजे ‘माणसाच्या केसांवर नक्षी नसते’ हे विधानसुद्धा पूर्ण खरं नाही. ती असू शकते, आणि जिथं असते तिथं ती शेरडाच्याच नियमानं कपाळ, पोट आणि पाय धरते.

कोडाचाही इथं एक शब्द सांगतो, कारण आमच्या जिल्ह्यांत अजून त्यापायी ठरलेली लग्नं मोडतात. कोड शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानंही होत नाही. त्यावर उपचार आहेत, आणि चेहऱ्यावरचे डाग तर पुष्कळदा चांगला प्रतिसाद देतात.

दुसरी पद्धत तिरंगी मांजराची. काळे आणि भगवे चट्टे असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. भगव्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मादीत एक्स दोन असतात. गर्भात अगदी सुरुवातीला प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करते. कुठला, हे नशिबावर. मग त्या पेशीची सगळी पिलावळ तोच बंद ठेवते. ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ साली हे मांडलं. पेशींच्या एका पिलावळीचा भगवा चट्टा, दुसरीचा काळा. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टेक्सासमध्ये पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं, ते तिरंगी मांजराच्या पेशीपासून केलेलं होतं, तरी त्याच्या अंगावर भगवा रंग आलाच नाही. जनुकं तीच, नक्षी वेगळी.

माणसांतही प्रत्येक स्त्रीत हेच चालू असतं. तिचं शरीर दोन प्रकारच्या पेशींच्या पट्ट्यांचं बनलेलं असतं. फक्त आपल्याकडं केसांचा रंग ठरवणारं भगव्यासारखं जनुक एक्सवर नाही, म्हणून ते पट्टे डोळ्याला दिसत नाहीत. पण एखाद्या आजारात ते उघडे पडतात. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी १९०१ साली रुग्णांच्या अंगावरचे पट्टे नोंदवून त्यांचा नकाशा काढला: पाठीच्या कण्यावर इंग्रजी व्हीचा आकार, पोटाच्या बाजूंना एससारखं वळण, डोक्यावर भोवरा. या रेषा ना नसांच्या आहेत, ना रक्तवाहिन्यांच्या. गर्भात त्वचेच्या पेशी ज्या वाटांनी पसरल्या त्या वाटा आहेत. माझ्याकडं कधीमधी असं बाळ येतं ज्याच्या पाठीवर फिकट रेषांचं कारंजं उमटलेलं असतं. आईबाप घाबरलेले असतात. त्यांना समजावताना मला दर वेळी वाटतं की हे पट्टे प्रत्येकाच्या अंगावर आहेत, या लेकराचे फक्त दिसताहेत.

वाघ-बिबट्याची पद्धत तिसरी, आणि खरी नक्षी म्हणावी अशी हीच. इथं रंगपेशी सगळीकडं पोचलेल्या असतात. त्यांना कुठं गडद काम करायचं आणि कुठं फिकट, हे त्वचा सांगते. ॲलन ट्युरिंग या गणितज्ञानं १९५२ साली दाखवून दिलं की एक रसायन चालना देणारं आणि दुसरं त्याला अडवणारं, आणि अडवणारं जास्त लांब पसरणारं असलं, तर सपाट जागेत आपोआप ठिपके आणि पट्टे उभे राहतात. कुणी आखून द्यावं लागत नाही. पुढं २०२१ साली मांजराच्या गर्भावरच्या अभ्यासात असं दिसलं की केसांची मुळं तयार होण्याआधीच, रंगाचा पत्ता नसताना, त्वचेत पट्टे पडलेले असतात. त्या जागी डीकेके-४ नावाचं जनुक जागं असतं. रंग त्या आखणीत मागाहून भरला जातो. शिराळ्याच्या उसात दिसणाऱ्या बिबट्याचे ठिपके असेच त्याच्या आईच्या पोटात ठरलेले असतात.

आता तुमचा तळहात बघा. हाताच्या मागच्या बाजूपेक्षा तो किती फिकट आहे! तिथल्या त्वचेच्या खालच्या थरातल्या पेशी डीकेके-१ नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडतात, ते रंगपेशींना दाबून ठेवतं. डीकेके-१ आणि डीकेके-४ एकाच घराण्यातली भावंडं. त्वचेनं रंगपेशीला ‘इथं कमी’ म्हणून सांगायचं, ही तऱ्हा आपल्यातही आहे. तळहातावर आणि तळपायावर ती वापरली जाते, डोक्यावर नाही.

चौथी गोष्ट पाठ गडद, पोट फिकट. कोयना-चांदोलीच्या जंगलातलं शेकरू बघितलं असेल तर लगेच डोळ्यासमोर येईल. तुमच्या स्वतःच्या दंडावरही बघा. सावळ्या माणसांत दंडाच्या बाहेरचा गडद आणि आतला फिकट भाग यांच्यामध्ये कधीकधी चक्क सरळ रेष दिसते. तिला फचरची रेषा (Futcher's line) म्हणतात. मांडीच्या मागच्या बाजूची अशीच रेष काही बायकांना गरोदरपणी ठळक दिसते. त्या बिचाऱ्या क्रीम लावून थकतात. हा आजार नव्हे, तिला क्रीम लागत नाही.

तर सामान सगळं आहे. मग केसांत का वापरलं गेलं नाही?

पहिलं कारण आपल्या घराण्याचं. चिंपांझी काळा, गोरिला काळा, ओरांगउटान तांबडा. मोठ्या कपींत पट्टे-ठिपके कुणालाच नाहीत. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या अंगावर दाट केस होते तेव्हाही ते बहुधा एकरंगीच होते. ‘केस गेले म्हणून नक्षी गेली’ या उत्तरातली खोट ही. जायला नक्षी नव्हतीच. वानरकुळात नक्षी अजिबात नसते असंही नाही. आफ्रिकेतली कोलोबस माकडं काळी-पांढरी असतात, आपल्या ईशान्येकडच्या हुलॉक गिबनच्या भुवया पांढऱ्या. पण वाघासारखं अंगभर पट्ट्यांनी लपण्याची गरज मोठ्या कपीला पडली नसावी. तो दबा धरून शिकार करत नाही, टोळीनं राहतो, पिल्लू आईच्या अंगाला चिकटलेलं असतं. रानडुकरीण पिल्लांना गवतात ठेवून जाते, म्हणून त्या पिल्लांना पट्टे असतात आणि मोठी झाली की जातात. आपल्या घराण्यात पिल्लाला गवतात ठेवायची रीत नाही.

उलट वानरकुळात रंग पुष्कळदा वय सांगतो. सज्जनगडावर किंवा महाबळेश्वरात वानरांच्या टोळीत बघा: नुकतं जन्मलेलं पिल्लू काळपट असतं, मोठी वानरं राखाडी. चिंपांझीच्या पिल्लाला मागं पांढरा झुपका असतो. गोरिला नर वयात आला की त्याची पाठ रुपेरी होते. आपलं जावळ, मग काळे केस, मग पिकलेले केस, हे त्याच रांगेतलं आहे असं मला वाटतं. खिलारीतही याचा एक सुंदर नमुना आहे: वासराच्या टाळूवर जन्मतः तांबूस झाक असते आणि काही महिन्यांत ती निघून जाते.

दुसरं कारण अंगावरच्या केसांचं. माणसाच्या अंगावर केसांची मुळं सुमारे पन्नास लाख असतात, चिंपांझीएवढीच. आपण ती गमावली नाहीत. त्यातून निघणारा केस बारीक, आखूड आणि फिका झाला, त्याची लव झाली. उन्हात लांब चालणाऱ्या, घामानं अंग थंड ठेवणाऱ्या प्राण्याला दाट केस अडचणीचे, हे त्यामागचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण आहे. केस बारीक झाल्यावर ऊन थेट त्वचेवर आलं आणि ते अडवायचं काम त्वचेतल्या रंगावर पडलं. विषुववृत्ताजवळच्या उन्हात पट्टेरी त्वचा काय कामाची? फिकट पट्टा भाजला असता. तिथं सलग गडद रंगच उपयोगाचा.

तिसरं कारण डोक्याचं, म्हणजे त्या मुलीच्या खऱ्या प्रश्नाचं. डोकं लहान म्हणून नक्षी मावत नाही, असं म्हणता येणार नाही. खारीची पाठ चार बोटांची आणि तिच्यावर पट्टे आहेत. अडचण लांबीची आहे. बिबट्याचा केस आखूड असतो आणि जिथं उगवतो तिथंच राहतो, म्हणून त्वचेवरची आखणी केसांवर जशीच्या तशी दिसते. माणसाच्या डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. टाळूवर ठिपके काढले असते तरी हातभर वेणीत ते कुठं दिसणार? लांब केसांच्या पर्शियन मांजरातसुद्धा पट्टे पुसट होतात. जी नक्षी दिसतच नाही तिला निसर्गाची निवड धरून ठेवत नाही.

मग गाई-शेरडांत एवढा बांडेपणा का, असं कुणीही विचारील. कारण तो आपण टिकवला. कोयनेच्या जंगलातला गवा बघा. अंग काळपट तपकिरी, गुडघ्याखाली पांढरे मोजे, आणि सगळ्या गव्यांचे तसेच. गोठ्यातल्या एचएफ गाईंत मात्र दोघींचे चट्टे जुळत नाहीत. रशियात दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ पासून रुपेरी कोल्हे पाळून त्यातले फक्त माणसाळलेले निवडले, तेव्हा काही पिढ्यांतच कपाळावर पांढरा चांद असलेली पिल्लं निघू लागली. रानात वेगळ्या चट्ट्यांचं पिल्लू शिकाऱ्याच्या डोळ्यात भरतं. दावणीला बांधलेल्याला तो धोका नाही, आणि मालकाला ते आवडलं तर त्याची पैदास वाढते. माणसाची अशी पैदास कुणी केली नाही. जतच्या त्या आईसारख्यांनी तर पिढ्यानपिढ्या ते झाकलंच.

शेवटी एक सांगतो, जे वर्गात सांगितलंत तर मुलांना स्वतःच्या घरात बघता येईल. माणसाच्या केसांवर नक्षी आहे, पण ती लांबीची आणि जाडीची. भुवई ठरावीक लांबीला थांबते, वेणी वाढतच राहते. वयात आल्यावर एकच संप्रेरक हनुवटीवरच्या लवेची दाढी करतं आणि त्याच माणसाच्या टाळूवरच्या केसांची लव करतं. टक्कल पडताना कपाळ आणि टाळू जाते, पण कानांवरून मागं गेलेली पट्टी शाबूत राहते. १९५९ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइश यांनी दाखवलं की त्या मागच्या पट्टीतला केस उचलून पुढं लावला तरी तो मागचाच स्वभाव ठेवतो, गळत नाही. आजचं सगळं केसरोपण यावर उभं आहे. म्हणजे प्रत्येक मुळाला आपली जागा माहीत असते, बिबट्याच्या कातडीला माहीत असते तशीच. रंगातही थोडं असतं: पिकायला बहुतेकांचे कानशिलावरचे केस आधी लागतात, आणि काळ्या केसांच्या माणसाच्या दाढी-मिशीत तांबूस केस निघतात.

बाईंनी पत्रात आणखी एक विचारलं होतं. वर्गातल्या एका मुलाच्या डोक्यात जन्मापासून पांढरी बट आहे, त्याचं काय करायचं? आधी त्याचे कान तपासून घ्या. रंगपेशी फक्त त्वचेत नसतात, आतल्या कानातही असतात आणि ऐकण्यासाठी त्या लागतात. पांढरी बट आणि कमी ऐकू येणं एकत्र असेल तर तो वार्डनबर्ग सिंड्रोम नावाचा जन्मजात विकार असू शकतो. डोळ्यांचा रंग निळसर किंवा दोन डोळ्यांचे रंग वेगळे असतील तर संशय आणखी घट्ट. एका कानानं कमी ऐकू येत असेल तर ते घरात वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. मूल फक्त ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं. जतच्या त्या बाळाची तपासणी आम्ही त्याच आठवड्यात मिरजेत करून घेतली. ऐकणं ठीक निघालं. ऐकणं ठीक असेल तर बटेला औषध लागत नाही, रंगवायची की नाही हे त्या मुलानं ठरवावं. आणि बट जन्मापासूनची नसून अलीकडे आलेली असेल, तर उशीर न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, कारण ते कोड किंवा चाईनंतर पांढरे उगवलेले केस असू शकतात आणि तिथं लवकर सुरू केलेल्या उपचारानं फरक पडतो.